पणजोबांचा माग काढायला दप्तरखान्यात जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पणजोबा १९२० च्या आसपास सातारा जिल्ह्यातून मुंबईला गिरणीत कामाला आले. घरात गावाचं नाव ‘वडगाव’ सांगतात. जमीन होती म्हणतात, पण गावाशी येणं-जाणं तुटून दोन पिढ्या झाल्या. आता दोन दिवसांची रजा मिळते आहे, तर पुण्याच्या पेशवे दप्तरात (पेशवाईचे कागद ठेवलेल्या दप्तरखान्यात) जाऊन आडनावावरून वंशावळ काढता येईल का?

एवढ्या माहितीवर नाही येणार. दोन दिवस आणि गाडीभाडं दोन्ही वाया जाईल. दप्तर आडनावाने लावलेलं नसतं. ज्या कचेरीने ते तयार केलं, तिच्या कामाच्या सोयीने ते लावलेलं असतं: प्रांत, तालुका, गाव, खातं, वर्ष. ‘आमच्या आडनावाचं काही आहे का’ असं तिथे विचारलं, तर समोरच्या माणसाला खरोखरच हात कुठे घालावा ते कळत नाही. तो आळशी असतो असं नव्हे.

म्हणून प्रश्न असा मांडा: आमच्या माणसाचं नाव कोणत्या कचेरीने, कोणत्या कारणाने लिहून ठेवलं असेल? सरकारला कोणाच्या वंशाशी देणंघेणं नव्हतं. सारा वसूल करायचा होता, वतनाचा (वंशपरंपरेने चालणाऱ्या गावकामाच्या हक्काचा) हक्कदार ठरवायचा होता, इनाम (सरकारने बक्षीस दिलेली जमीन किंवा उत्पन्न) खरं की खोटं ते तपासायचं होतं, शाळेत मूल दाखल करून घ्यायचं होतं. या कामांत बापाचं, आजाचं नाव ओघाने लिहिलं गेलं. कारण सापडलं की कचेरी सापडते, आणि कचेरी सापडली की कागद.

किती मागे जाता येईल हे घराण्यावर अवलंबून आहे, ते आधीच सांगून ठेवतो. वतन किंवा इनाम असेल, मग ते पाटीलकी-कुलकर्णाचं असो की महार वतनासारखं गावकामगाराचं, तर अठराव्या शतकापर्यंत धागा जाण्याची शक्यता असते. साध्या रयतेची स्वतःच्या नावावर जमीन असेल, तर ब्रिटिशांच्या सर्व्हे सेटलमेंटपर्यंत (जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामापर्यंत), म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोचता येतं. (ही मोजणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने इतर तालुक्यांत गेली.) जमीनच नसेल तर शाळेचं रजिस्टर आणि गावची जन्म-मृत्यूची वही यांच्यावर भिस्त. तिथे तीन-चार पिढ्या मिळाल्या तरी पुष्कळ झालं.

आधी गाव पक्कं करा

‘वडगाव’ हे नाव पुरेसं नाही. नुसत्या सातारा भागात कराडजवळचं वडगाव हवेली आहे, खटाव तालुक्यातलं वडगाव जयराम स्वामी आहे, आणि ही यादी इथे संपत नाही. त्यात आणखी एक गुंता आहे. १९२० चा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा जिल्हा नव्हे. १९४९ मध्ये त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. पणजोबा ‘सातारा जिल्ह्यातले’ होते हे खरं असूनही गाव आज सांगली जिल्ह्यात असू शकतं. शिवाय मधेमधे औंध, फलटण अशी संस्थानं होती. गाव संस्थानी असेल तर तिथला महसुली कागद ब्रिटिश तालुक्याच्या कागदात सापडणार नाही.

गाव ठरवायला सगळ्यात भरवशाचा कागद मुंबईतच आहे: आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या शाळेचं जनरल रजिस्टर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळाचा रकाना असतो. त्यात बहुधा गाव आणि तालुका लिहिलेला असतो. दाखला हरवला असेल तर शाळेकडे अर्ज करून जनरल रजिस्टरचा उतारा मागा. शाळा बंद पडली असेल तर तिची रजिस्टरं महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे, नाहीतर ज्या शाळेत ती विलीन झाली तिथे विचारावी लागतात. घरात जुन्या मनीऑर्डरच्या पावत्या, पोस्टकार्डं असतील तर त्यावरचा टपाल कचेरीचा शिक्का बघा. वडगावाला स्वतःचं पोस्ट नसेल, पण ज्या पोस्टातून पैसे पोचले त्याच्या नावावरून चार वडगावांपैकी तीन गळतात.

ग्रंथालयाची पहिली गरज इथे लागते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्याचा खंड, म्हणजे एकोणिसावा, १८८५ चा आहे. त्यात तेव्हाचे तालुके, बाजारगावं, संस्थानी गावांचे तुकडे यांची माहिती मिळते. त्याच्या जोडीला जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका मागा. त्यात तालुकावार गावांची संपूर्ण यादी असते. १९५१ ची मिळाली तर उत्तम, कारण ती जुन्या हद्दींना जवळची आहे. सगळी वडगावं एका कागदावर तालुक्यासह उतरवून घ्या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या यादीबरोबर शेजारच्या गावांची नावंही वाचून दाखवा. ‘गाव कोणतं?’ या प्रश्नाला जी स्मृती उत्तर देत नाही, ती ‘बाजाराला कुठे जायचे?’, ‘नदी ओलांडावी लागायची का?’ या प्रश्नांना देते.

कुलदैवतावरून गाव ठरवू नका. ज्योतिबा किंवा खंडोबा कुलदैवत असलेली घराणी महाराष्ट्रभर आहेत, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आडनावाचा भरवसा किती धरायचा

जुन्या कागदात आडनाव असेलच असं नाही. ‘रामजी बिन संताजी पाटील मौजे अमुक’ यातला पाटील हा हुद्दा आहे. कुलकर्णी, देशमुख, चौगुले, देशपांडे यांचंही तेच. एकाच घरातला एक भाऊ पाटीलकी सांभाळत होता म्हणून त्याची शाखा पाटील झाली आणि दुसरी शाखा मूळ आडनाव लावत राहिली, हे अगदी नेहमीचं आहे. ‘कर’ लागणारी आडनावं गाव सोडल्यावरच चिकटतात. ज्या वडगावातून वडगावकर बाहेर पडले, त्या वडगावात त्यांना कोणी वडगावकर म्हणत नव्हतं. तुमच्या घराला मुंबईत गिरणीच्या हजेरीपत्रकात जे आडनाव मिळालं, ते गावच्या वहीत नसण्याची तयारी ठेवा. गावच्या वहीत शोधायचं ते नाव, बापाचं नाव आणि जमिनीचा नंबर हे त्रिकूट.

नात्याचे शब्द पाठ करून जा. ‘बिन’ आणि ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ आणि ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको. ‘वल्द’ आणि ‘जौजे’ मराठवाडा-विदर्भाकडे जास्त भेटतात. सातबारा-फेरफारात (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. म्हणजे नोंदीच्या वेळी वारस सज्ञान नव्हता, आणि यावरून त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो. ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. इथे नाव एकाचं असलं तरी भाऊ तीन असू शकतात. या एका संक्षेपाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे अख्ख्या शाखा वंशावळीतून गळतात.

तालुक्याची कचेरी: खरं काम इथे होतं

गाव पक्कं झालं की पुणं नाही, तालुका गाठायचा. इथे लोक चुकीच्या खिडकीपाशी उभे राहतात, म्हणून फरक नीट समजून घ्या. गाव नमुने, म्हणजे जुने सातबारे, फेरफार, हक्क नोंद पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची वही), हे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. मोजणीचा कागद, म्हणजे टिपण, फाळणी, आकारबंद, गुणाकार बुक, शेतवार पत्रक, एकत्रीकरणाचे उतारे, हा भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे. दोन्ही कचेऱ्या कित्येकदा एकाच आवारात असतात, पण एकीचा कागद दुसरी देत नाही.

वाट नेहमी आजपासून मागे. भाऊबंदांपैकी कोणाकडे आजचा सातबारा असेल तर त्यावरून गट नंबर मिळतो. पण गट नंबर जुन्या पुस्तकात चालत नाही. जमिनींच्या एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, आणि ती योजना गावात राबवली गेली तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. या दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा. तो भूमी अभिलेखकडे मागायचा. जुना सर्व्हे नंबर हातात आला की हाताने लिहिलेल्या जुन्या सातबारावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात लिहिलेले आकडे बघा. ते फेरफार नंबर. एकेक फेरफार काढत मागे जा: वारस नोंद, वाटणी, खरेदी, पुन्हा वारस नोंद.

हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा आणि १९१३ मध्ये ती तरतूद जमीन महसूल कायद्यात घातली गेली. त्यामुळे फेरफारांच्या साखळीने तुम्ही साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपर्यंत पोचता. पणजोबा १९२० ला गेले, म्हणजे त्यांचे वडील वारले तेव्हाची वारस नोंद या पट्ट्यात यायला हवी. त्या एका नोंदीत सगळे भाऊ, आई हयात असेल तर ती, आणि कधी कधी ‘मुंबईस असतो’ असा शेराही मिळतो. तुमच्या शोधात मी याच कागदाला पहिला नंबर देईन.

एक सावधगिरी. फेरफारावरची तारीख ही नोंदीची आहे, मृत्यूची नाही. मजकुरात ‘अमुक इसम १० वर्षांपूर्वी मयत’ असंही लिहिलेलं असतं. वाद नसेल तर लोक वर्षानुवर्षं नोंद करत नसत. वंशावळीत नोंदीची तारीख मृत्यूची म्हणून लिहिली की पुढचा सगळा हिशेब घसरतो.

जमीन विकली गेली असेल आणि आज कोणाकडेच सातबारा नसेल, तर सर्व्हे नंबर शोधत बसू नका. गावाचं सर्वांत जुनं हक्क नोंद पत्रक पाहायला मागा आणि पहिल्या पानापासून नावं वाचा. लहान गावाचं पुस्तक एका बैठकीत वाचून होतं. दुसरी वाट दुय्यम निबंधकाकडची. तिथे खरेदीखतांची सूची क्रमांक १ पक्षकारांच्या नावाने आणि सूची क्रमांक २ मिळकतीने लावलेली असते. जमीन विकली असेल तर विकणाऱ्याचं नाव सूची १ मध्ये असणार. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे पुस्तक १ आणि त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते. मृत्युपत्रं आणि दत्तकाचे अधिकारपत्र पुस्तक ३ मध्ये असतात. त्यांची नक्कल करून देणारा माणूस हयात असेपर्यंत त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो वारल्यावर मात्र कोणीही अर्ज करू शकतं. शंभर वर्षांपूर्वीच्या दस्ताला त्यामुळे अडचण येऊ नये.

अर्ज कसा लिहिता यावर निम्मं यश. ‘आमच्या पूर्वजांची माहिती मिळावी’ असा अर्ज केला तर ‘अभिलेख आढळ होत नाही’ हे ठरलेलं उत्तर येतं. अर्जात मौजे, तालुका, नोंदीचा प्रकार आणि वर्षांची मर्यादा हवी: ‘मौजे अमुक, तालुका अमुक, हक्क नोंद पत्रक आणि फेरफार नोंदवही, सन १९१० ते १९३५, पाहणीसाठी’. नकलेआधी पाहणी मागा. नक्कल मागितली की नंबर तुम्हाला माहीत असावा लागतो. पाहणीत तो तुम्हीच शोधता. कोर्ट फी स्टॅम्प, ओळखपत्राची प्रत, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

‘आढळ होत नाही’ या उत्तराचे तीन अर्थ असतात. पहिला, पुस्तक खरोखर नष्ट झालं. महसुली दप्तराची वर्गवारी असते. ‘अ’ वर्ग कायम ठेवायचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षं, बाकीचे त्याहून कमी. म्हणून फेरफाराची वही टिकते, पण त्यामागचे जबाब, नोटिसा बहुधा गेलेल्या असतात. दुसरा, तालुक्याची हद्द बदलली आणि पुस्तक जुन्या तालुक्यातच राहिलं. हे फार होतं, त्यामुळे जुन्या मुख्यालयात एकदा विचाराच. तिसरा अर्थ, कोणी शोधलंच नाही. यावर उपाय माहिती अधिकाराचा अर्ज. ₹१० शुल्क, प्रतीला पानामागे ₹२, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून तिथेही गाव-प्रकार-वर्ष एवढंच लिहा आणि अभिलेखाची पाहणी मागा.

निघण्याआधी घरबसल्या दोन गोष्टी तपासा. महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर काही जिल्ह्यांचे जुने सातबारे-फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. दुसरं, २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याच्या मोहिमेत जुन्या वह्या मोठ्या प्रमाणावर बाहेर काढून स्कॅन झाल्या आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय चढवल्या गेल्या. तुमची जात कोणतीही असो, त्या पानावर तुमच्या गावाची कोणती वही अस्तित्वात आहे एवढं तरी कळतं, आणि ती कोणत्या वर्षांची आहे हेही.

गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. बाळाचं नाव बहुधा नसतं, ‘अमक्यास मुलगा’ एवढंच. म्हणून बापाच्या नावाने वाचायचं. मोडीत असतं, शाई फिकी झालेली असते, पण ओळी एकाच साच्यातल्या असल्याने मोडीचं थोडं ज्ञान असलं तरी जमून जातं. गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टरही बघा. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात असतं, त्यामुळे शाळा चालू असेल त्या दिवशी जायचं, मे महिन्यात नाही.

हे सगळं पश्चिम महाराष्ट्राला लागू. मराठवाड्यात निजामाचा कारभार होता, त्यामुळे कागद उर्दूत किंवा मोडीत, आणि खासरा पत्रक, पाहणी पत्रक ही नावं. विदर्भात अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक, मिसल बंदोबस्त. प्रश्न विचारण्याची रीत तीच, वह्यांची नावं वेगळी.

मग पुणं, आणि ते कधी

महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याची दप्तरं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथला कागद प्रामुख्याने मुंबई सरकारच्या सचिवालयातला, म्हणजे महसूल, न्याय, राजकीय अशा खात्यांचा आणि इंग्रजी. साध्या रयतेचं नाव तिथे क्वचित. कोल्हापूरला करवीर संस्थानचा कागद. पुण्याचं पेशवे दप्तर मोडीतलं आणि अवाढव्य. त्यातले राजकीय महत्त्वाचे निवडक कागद रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापले. ते मोठ्या ग्रंथालयांत मिळतात, पण त्यांत आपलं घराणं शोधू नका. ती निवड राजकारणाच्या दृष्टीने केलेली आहे.

घराण्याच्या दृष्टीने पुण्यातला कामाचा भाग इनाम कमिशनमुळे जमलेला आहे. १८५२ च्या कायद्याने कमिशनने इनामदार-वतनदारांना हक्क सिद्ध करायला लावलं, तेव्हा लोकांनी कैफियती (लेखी निवेदनं) दिल्या आणि त्यांच्याबरोबर वतन किंवा इनाम पहिल्यांदा मिळवणाऱ्या पुरुषापासूनची वंशावळ. सनद कोणी दिली, कोणाला दिली, पुढे वाटण्या कशा झाल्या, हे सगळं त्यात येतं. पण हे फक्त इनाम किंवा वतन असेल तरच. म्हणून आधी तालुक्यात बघायचं: जुन्या सातबारावर किंवा आकारबंदावर जमिनीपुढे ‘इनाम’, ‘वतन’, ‘जुडी’ असे शब्द आहेत का? परगणे-कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने, कनिष्ठ गाववतनं १९५८ च्या, आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. त्या वेळच्या रीग्रँटच्या (जमीन पुन्हा वतनदाराच्या नावे करून देण्याच्या) फेरफारात वतनाचा प्रकार स्पष्ट लिहिलेला असतो. तसा शेरा मिळाला तर पुण्याला जायला अर्थ आहे. नाही मिळाला तर पुणं यादीतून काढा.

तिथे जाताना: ओळखपत्र, विषय आणि गाव लिहिलेला अर्ज, शिसपेन्सिल (शाईचं पेन वाचनकक्षात चालत नाही, असं धरूनच चला), मास्क, कोरडा सुती रुमाल. आत गेल्यावर मागणी चिठ्ठी द्यायची. कागद कापडी रुमालात बांधलेल्या पुडक्यांतून येतात आणि आणायला वेळ लागतो, म्हणून पहिली चिठ्ठी सकाळी कचेरी उघडताच द्या. थुंकी लावून पान उलटू नका. पुडक्यातला क्रम बदलू नका, कारण पुढच्या माणसाला तोच क्रम हा एकमेव पत्ता आहे. फोटोची परवानगी आणि त्याचं शुल्क आधी फोनवर विचारा. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवार धरून बेत आखू नका.

तारखांचा घोळ इथेच होतो. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) अरबी आकड्यांच्या शब्दांत असतो आणि एकम आधी येतं: ‘तिसा सबैन मया व अलफ’ म्हणजे ९ + ७० + १०० + १००० = ११७९. त्यात ५९९ मिळवले की १७७८, आणि वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुमारास, सुरू होत असल्याने पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे. शकात ७८ मिळवा, आणि पौषाच्या मागेपुढे जानेवारी ओलांडली असेल तर ७९. दख्खनी फसली सनात (महसुली वर्षात) ५९०, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ५९१. तारखेच्या आकड्याआधी ‘छ’ असेल तर तो चंद्र, म्हणजे मुसलमानी तारीख. शकाबरोबर संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर तपासून घ्या. शके १७०० ला विलंबी संवत्सर, आणि तिथून साठ वर्षांचं चक्र मोजता येतं. शक आणि संवत्सर जुळत नसतील तर बहुतेक वेळा आकडा वाचण्यात तुमची चूक झालेली असते.

ग्रंथालयात काय मागायचं

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. अशा जुन्या संस्थांत जे मिळतं ते दप्तरखान्यात नसतं: छापील कुलवृत्तांत (एकेका घराण्याच्या इतिहासाची आणि वंशावळीची पुस्तकं), ज्ञातीची मासिकं, शाळांच्या शताब्दी स्मरणिका, देवस्थानांचे अहवाल, स्थानिक साप्ताहिकं. तुमच्यासाठी मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय ही दोन आधी बघा. दशांश पद्धतीने लावलेल्या ग्रंथालयात ९२९ क्रमांकाचं कपाट मागा, वंशावळी तिथे. स्वतःची जुनी वर्गवारी असेल तर ‘इतिहास’ आणि ‘चरित्र’ दोन्ही विभाग. पुस्तक छापलं गेलं होतं का हेच ठाऊक नसेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची चाळा, १८०० ते १९५० पर्यंतची पुस्तकं तिच्यात आहेत. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं. तिथे हस्तलिखितांइतकीच त्यांनी छापलेली साधनं कामाची, कारण त्यांच्या सूचीत गावांची नावं असतात. सूचीत आडनाव नव्हे, वडगाव शोधा.

कुलवृत्तांत पुरावा म्हणून घेऊ नका, दिशा म्हणून घ्या. अलीकडच्या तीन-चार पिढ्या घरोघर पत्रं पाठवून गोळा केलेल्या असल्याने चांगल्या असतात. त्याआधीच्या पिढ्या बऱ्याचदा ऐकीव, आणि मूळ पुरुष पराक्रमी असतोच.

तीर्थक्षेत्रीच्या वह्यांबद्दल दोन शब्द. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी आहेत. तेही पहिला प्रश्न ‘गाव कोणतं?’ हाच विचारतात. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी राखून आहेत, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा त्यांचा हेळवी अजून येतो का. दोन्हीकडचा मजकूर फेरफाराशी ताडून मगच घ्या.

सगळ्यात जास्त होणारी चूक

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे ‘संताजी बिन रामजी’ आणि ‘रामजी बिन संताजी’ अशी जोडी एकाआड एक चालत राहते. १८६० चा संताजी आणि १९१० चा संताजी एकच धरला की दोन पिढ्या गडप. उलट, एकाच माणसाला दोन कागदांत दोन नावं दिसली की लोक त्याला दोन माणसं करतात. यावर साधी कसोटी: प्रत्येक पिढीला २५ ते ३० वर्षं धरून पाहा. बाप-मुलात १२ वर्षांचं किंवा ७० वर्षांचं अंतर येत असेल तर मधे काहीतरी चुकलं आहे. दत्तक असेल तर ‘बिन’ नंतरचं नाव बदलतं. एकाच सर्व्हे नंबरावर माणूस तोच पण बाप वेगळा दिसला, तर आधी दत्तकाचा संशय घ्या.

तुमच्या दोन दिवसांचा बेत मी असा करीन. रजेआधीच्या महिन्यात मुंबईतल्या शाळेचा उतारा आणि ग्रंथालयातली वडगावांची यादी. त्यानंतर तहसीलला पाहणीचा अर्ज टपालाने, आणि आठवड्याने फोन. रजेचा पहिला दिवस तहसील अभिलेख कक्षात. दुसऱ्या दिवशी सकाळी भूमी अभिलेख, दुपारी गावची शाळा आणि भावकीतलं कोणी सापडलं तर त्यांच्या ओट्यावर. पुणं या फेरीत नाही.

प्रत्येक फोटोआधी वहीच्या मुखपृष्ठाचा किंवा पुडक्यावरच्या चिठ्ठीचा फोटो घ्या, मग पानाचा. घरी आल्यावर दोनशे फोटोंत कोणतं पान कोणत्या वहीचं हे कोणालाच आठवत नाही. जिथे काही मिळालं नाही तेही लिहून ठेवा: वही, वर्षं, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत पाहिली. मोडी पानाचा फोटो सरळ वरून, चारही कडा दिसतील असा घ्या. नुसती आपल्या नावाची ओळ कापून मोडी वाचणाऱ्याला पाठवली तर त्याला ती बहुधा लागत नाही. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, आणि त्या लेखकाचा ‘स’ कसा आहे हे शेजारच्या दहा ओळींवरूनच ओळखता येतं.